पावसाळ्यात गाडी उभी कुठे करणार? चाकावरच्या घराचा सातारी इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी हा या आठवड्याचा भाग, नेहमीप्रमाणे थोडा साफसूफ करून.

कॅम्पर व्हॅन घ्यायची म्हटलं की लोकांचे तीन प्रश्न ठरलेले असतात. केवढ्याला पडते, ॲव्हरेज किती देते, आणि आत टॉयलेट आहे का. मी आणि माझा मावसभाऊ सध्या याच नादात आहोत. एक सेकंडहँड ट्रॅव्हलर बघून ठेवलीय. ती आतून बदलायची, शुक्रवारी रात्री पुण्यातून निघायचं, शनिवारी सकाळी महाबळेश्वरच्या धुक्यात लॅपटॉप उघडायचा, असा प्लॅन. माझ्या पाच वर्षांच्या बचतीतला मोठा हिस्सा त्यात जाणार आहे. हे सगळं आईला सांगितलं, तर तिने चौथाच प्रश्न विचारला. "आणि पावसाळ्यात ती उभी कुठे करणार?"

आमच्या सोसायटीत एका फ्लॅटला एक पार्किंग, तेही हॅचबॅकच्या मापाचं. उत्तर नव्हतं. मग इतिहासाचा किडा असल्यामुळे मी उलटीकडून शोधायला लागलो. फिरतं घर घेऊन आपल्या सातारा भागात याआधी जे जे आले, त्यांनी पावसाळ्यात काय केलं?

आता सगळ्यात मोठं उदाहरण घेऊ. औरंगजेब.

डिसेंबर १६९९ मध्ये त्याने सातारच्या किल्ल्याला, म्हणजे अजिंक्यताऱ्याला वेढा घातला. एप्रिल १७०० मध्ये किल्ला हाती आला. मग त्याने परळीचा किल्ला, म्हणजे सज्जनगड घेतला, तो जूनमध्ये. या माणसाने आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं दख्खनमध्ये आणि बहुतेक काळ तंबूत काढली. त्याच्याइतकं मोठं फिरतं घर आपल्याकडे दुसऱ्या कोणाचं नसेल. मुघलांकडे बादशहाच्या तंबूंचे दोन सेट असत. एका सेटमध्ये बादशहा झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राहायचा. याला पेशखाना म्हणत. बर्निए नावाचा फ्रेंच डॉक्टर १६६० च्या दशकात औरंगजेबाच्या छावणीबरोबर काश्मीरकडे गेला होता. पेशखाना वाहायला साठाहून जास्त हत्ती, २०० उंट, १०० खेचरं आणि १०० हमाल लागतात असं त्याने लिहून ठेवलंय. म्हणजे मेंटेनन्स टीम म्हणाल तर अशी. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, एक सर्व्हर चालू असताना दुसरा तयार.

इतकं असूनही जूनच्या शेवटी सज्जनगडाहून निघालेल्या या छावणीला खटाव भागातल्या भूषणगडापर्यंत पोचायला महिनाभर लागला. आज तेवढं अंतर गाडीने दोन तासांचं. चिखल, भरलेली कृष्णा, मरणारी जनावरं. पण खरा धडा त्यापुढचा. पाऊस संपत आला असं धरून छावणी माण नदीच्या काठी खवासपूरला पडली. हे गाव आता सांगोला तालुक्यात येतं. माण नदी तुम्ही पाहिली असेल तर माहीत असेल, वर्षातला बराच काळ नुसती वाळू. छावणी त्या रुंद कोरड्या पात्रात आणि काठावर पसरलेली. १ ऑक्टोबर १७०० च्या रात्री वर डोंगराकडे झालेल्या पावसाचं पाणी खाली आलं आणि झोपलेल्या छावणीत घुसलं. माणसं, जनावरं, तंबू वाहून गेले. अंधारात गडबडीने बाहेर पडताना बादशहा अडखळला, त्याचा उजवा गुडघा निखळला आणि तो कधीच नीट बसला नाही. आलमगीर उरलेलं आयुष्य लंगडत चालला.

हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. व्हॅनलाइफच्या रील्समध्ये सगळ्यात देखणा शॉट कुठला असतो? नदीपात्रात उभी गाडी, बाहेर दोन खुर्च्या, मागे पाणी. आपल्याकडच्या नद्यांवर पाऊस तुमच्या डोक्यावर पडत नसतानाही पाणी येतं, कारण तो ५० किलोमीटर वर पडलेला असतो. शिवाय आता धरणं आहेत, विसर्ग रात्रीसुद्धा वाढवतात. जून ते ऑक्टोबर पात्रात गाडी घालायची नाही. काठावर उभी करायची तर पुराची जुनी खूण कुठवर आहे हे गावात विचारून तिच्या वर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी जिथे चढलं, तिथल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

आता दुसरे आले इंग्रज. त्यांनी मात्र पावसाशी भांडण घेतलं नाही.

१८२४ मध्ये लॉडविक नावाचा अधिकारी महाबळेश्वरच्या कड्यापर्यंत चढून गेला. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम १८२८ मध्ये आला आणि १८२९ मध्ये सातारच्या प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन ही जागा कंपनीकडे गेली. बदल्यात महाराजांना खंडाळा हे गाव मिळालं, आपल्या सातारा जिल्ह्यातलं खंडाळा, लोणावळ्याजवळचं नव्हे. बाजारपेठेला नाव पडलं माल्कम पेठ. पुढे मुंबई सरकारचं वर्षाचं वेळापत्रकच बसलं. थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर, आणि पाऊस सुरू झाला की पुणे. पुण्यात त्यासाठी गणेशखिंडीला गव्हर्नरचा बंगला बांधला. तीच आज आपल्या विद्यापीठाची मुख्य इमारत. म्हणजे साहेब, कारकून, दप्तरं, खानसामे, घोडे असं सगळं बिऱ्हाड घाट चढायचं आणि जूनच्या मध्यापर्यंत उतरायचं. रेल्वे झाल्यावर वाठार स्टेशनला उतरून पुढे टांगा. वाटेत टप्प्याटप्प्यावर घोडे बदलायचे, कारण वाईपासून पसरणीचा घाट एका दमात चढवणं जनावराला झेपत नाही.

मागे राहिलेल्या बंगल्यांचं काय? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मे महिन्यात शाकारणी व्हायची, आणि भिंतींना बाहेरून गवताचे जाड पडदे बांधायचे. जुनी घरं, दुकानं कित्येक वर्षं अशीच गवतात गुंडाळलेली असायची. आता बऱ्याच ठिकाणी गवताच्या जागी प्लॅस्टिक आलंय.

इथे मला जरा थांबायचंय, कारण माझ्या मते कॅम्पर व्हॅन घेणाऱ्याने शिकायची सगळ्यात मोठी गोष्ट या गवतात आहे. गवत पाणी बाहेर निथळवतं, पण हवा आतबाहेर खेळू देतं. आपण काय करतो? जूनमध्ये गाडीवर ताडपत्री घट्ट आवळतो आणि समाधानाने घरी जातो. आतला ओलावा आतच राहतो. सप्टेंबरमध्ये दार उघडलं की गादीला बुरशी, प्लायवूड फुगलेलं, वास असा की दोन दिवस आत बसवत नाही. पत्र्याची शेड मिळाली तर उत्तम. नसेल तर बांबूचा सांगाडा करून ताडपत्री गाडीच्या छतापासून हातभर वर ठेवायची, बाजू मोकळ्या. छतावरचे सांधे, पंख्याची खिडकी, सोलरच्या पट्ट्यांचे स्क्रू, जिथे जिथे छताला भोक पाडलंय तिथलं सीलंट मे महिन्यातच बघायचं. गाद्या काढून घरी. कपाटांची दारं उघडी. पाण्याच्या टाक्या रिकाम्या, गॅस सिलिंडर बाहेर. डिझेलची टाकी मात्र भरलेली, कारण रिकाम्या जागेतल्या हवेचं पाणी होऊन डिझेलमध्ये उतरतं. हँडब्रेक ओढून चार महिने ठेवलात तर लायनर चिकटून बसतील. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा. घरातल्या दिव्या-फ्रिजची बॅटरी वेगळी असते, तिची वायर काढा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. पंधरा दिवसांनी गाडी अर्धं चाक तरी पुढेमागे हलवा, नाहीतर टायर एकाच जागी दबून राहतो. आणि उंदीर. वायरिंग खाणाऱ्या उंदरांवर मी एक वेगळा भाग करू शकेन.

थोडक्यात काय, बंगल्याला माळी होता. तुमच्या गाडीला पंधरा दिवसांनी जाऊन बघणारा माणूस कोण, ते आधी ठरवा.

इंग्रजांनी शोधून काढलेलं हे नवीन काही नव्हतं म्हणा. आपल्याकडे जे जे फिरून राहतात त्यांना सीझन असतो. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायच्या आणि पावसाआधी परतायच्या. तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात, ट्रकमध्ये स्टेज, कनाती, जनरेटर आणि संसार घेऊन गावोगावच्या जत्रा करतात आणि वैशाखानंतर मुक्कामी परततात. त्यांचे ट्रक बघा कधी. बाहेरून रंग उडालेला असेल, पण ड्रायव्हरला प्रत्येक नटबोल्टचा आवाज माहीत असतो, कारण गाडी रस्त्यात बसली तर त्या रात्रीचा खेळ बुडतो.

आणि ऊसतोड कामगार. बीड, नगरकडून दिवाळीच्या आगेमागे सातारा-सांगलीच्या कारखान्यांवर टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. फडाच्या कडेला कोपी, आणि टायरच्या बैलगाडीवर ऊस, भांडी, सरपण, कधी लहान मूलसुद्धा. पावसाआधी तेही गावाकडे परततात, खरिपाला. रस्त्यावरच्या घरात सहा महिने राहायचं म्हणजे काय हे त्यांना विचारा. पाणी लांबून आणायचं, आडोसा नाही, पोरांची शाळा बुडालेली. माझा मावसभाऊ व्हॅनच्या दारावर "घर म्हणजे रस्ता" असं काहीतरी लिहिणार होता. मी म्हटलं, वाठारच्या चढावर ऊसगाडीच्या मागे उभा राहून हे वाचायला मला लाज वाटेल. ते रद्द झालं.

या सगळ्याला एक मोठा अपवाद आहे, तो म्हणजे वारी. ऐन आषाढात माऊलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण करत पुढे जाते. पाऊस असतोच. मग ते कसं जमतं? प्रत्येक दिंडीचा स्वतःचा ट्रक असतो. वारकरी चालत असतात तेव्हा ट्रक पुढे जातो, पुढच्या मुक्कामाला राहुट्या लागतात, चूल पेटते, टँकर येतो. हा पेशखानाच की, फक्त इथे बादशहा कोणी नाही आणि खर्चाची भिशी सगळ्यांची. शिवाय मुक्कामाचं गाव तुमची वाट बघत असतं. दोन माणसांच्या व्हॅनला यातलं काहीच मिळत नाही.

आता घाटाबद्दल थोडं, कारण पसरणी आणि आंबेनळी हे दोन्ही घाट कॅम्परचा घाम काढतात. तुमच्या गाडीत कपाटं, बॅटऱ्या, फ्रिज आणि पाणी आहे. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. ते वर महाबळेश्वरला भरता येतं, खालून वाहून न्यायची गरज नाही. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं, आणि ओलावा प्यालेलं ऑइल गरम झालं की लवकर उकळतं. मग पॅडल नुसतं खाली जातं. म्हणून दोन वर्षांनी ते बदलायचंच, गाडी उभी असली तरी. किंबहुना उभी असली तर जास्त.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. जुनी गाडी घेऊन गॅरेजमध्ये बेड ठोकला म्हणजे कॅम्पर होत नाही. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणाऱ्या बदलांवर बोट ठेवलंय. आरटीओच्या मंजुरीशिवाय केलेला बदल आरसीवर नसतो, आणि क्लेमच्या वेळी विमा कंपनी तेच आधी बघते. आम्ही बघितलेली गाडी इथेच अडकलीय. विकणारा म्हणतो "सगळे असंच करतात." करत असतील.

रात्री उभं राहायचं कुठे? २०२१ मध्ये राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं, त्यात पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेल्या पार्कची कल्पना आहे. तोवर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे एखाद्या हॉटेलवाल्याशी किंवा शेतकऱ्याशी बोलून अंगणात गाडी लावणं, पैसे देऊन. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे. टॉयलेटची टाकी जंगलाच्या कडेला रिकामी करणारे लोक मी पाहिलेत. क्षेत्र महाबळेश्वरला कृष्णा उगम पावते, तिथून वाई, कऱ्हाड, सांगली. तुम्ही वर जे ओताल ते खाली कोणाच्या तरी नळाकडे निघालेलं असतं.

तर आमचं काय ठरलं? गाडी अजून घेतलेली नाही. वाईजवळ एका ओळखीच्या काकांची गुऱ्हाळाची शेड आहे. गुऱ्हाळ थंडीत चालतं आणि पावसाळ्यात शेड रिकामी असते. काका म्हणाले, लावा, पण भाडं द्या आणि उंदरांची जबाबदारी माझी नाही. मावसभाऊ म्हणतो भाडं जास्त आहे. मी म्हणतो आधी शेड, मग गाडी. यावर या रविवारी घरी बैठक आहे, आईच्या अध्यक्षतेखाली.

पुढच्या भागात वाठार स्टेशन आणि टांग्यांच्या टप्प्यांबद्दल सविस्तर बोलू. तुमच्या घरात कोणी आजी-आजोबा त्या वाटेने टांग्यात बसून गेलेले असतील तर त्यांचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवा आणि मला कळवा.