मल्टिमीटर बिघडलाय की फक्त फ्यूज उडालाय? रिपेअरला पाठवण्याआधी हे तपासा

‘मीटर गेला, सर्व्हिस सेंटरला पाठवतोय’ असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, फ्यूज बघितलास का? मी सॉफ्टवेअरवाला, पण ऑफिसात बोर्ड टेस्टिंगचं टेबल माझ्या शेजारीच आहे. तिथं ‘बिघडलेल्या’ मीटरचा दोष बऱ्याचदा मीटरच्या आत नसतोच. तो सेलमध्ये, वायरीत किंवा फ्यूजमध्ये असतो.

सगळ्यात आधी सेल बदला. सेल उतरला की काही मीटर बंद न पडता चुकीचं रीडिंग दाखवत राहतात, आणि ते जास्त वाईट. मग मीटर ओहमवर ठेवून दोन्ही प्रोबची टोकं एकमेकांना टेकवा. साधारण अर्ध्या ओहमच्या आत आकडा यायला हवा. आता वायर जरा हलवून बघा. आकडा नाचला तर आतली तार तुटत आलीय. प्रोबची नवी जोडी घ्या, काम झालं.

व्होल्टेज नीट येतं, पण करंट कायम शून्य? मग फ्यूजच. लाल वायर करंटच्या भोकात तशीच राहिली आणि कुणी व्होल्टेज मोजायला गेलं की मीटरमधून जवळजवळ शॉर्ट होतो, आणि फ्यूज उडतो. तपासायला मीटर उघडावा लागत नाही. लाल वायर व्होल्ट-ओहमच्या भोकात ठेवा, मीटर ओहमवर घ्या आणि त्याच वायरीचं टोक करंटच्या भोकात घाला. आकडा आला तर फ्यूज शाबूत, ‘ओएल’ आलं तर उडालेला. (अगदी स्वस्त मीटरवर व्होल्ट आणि मिलिअँपिअरचं भोक एकच असतं. तिथं ही युक्ती चालत नाही. दहा अँपिअरच्या भोकाशेजारी ‘अनफ्यूज्ड’ छापलेलं असेल तर त्या भोकाला फ्यूजच नाही.)

नवा फ्यूज जुन्यावर छापलेल्या अँपिअरचा आणि व्होल्टचाच घ्या. चांगल्या मीटरमधल्या फ्यूजमध्ये वाळू भरलेली असते, ती आतली ठिणगी विझवते. तिथं साधा काचेचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा लावला तर घरच्या २३० व्होल्टवर मीटर हातातच फुटू शकतो.

खरा जीवाचा धोका वेगळाच आहे. तुटलेल्या प्रोबचा मीटर चालू वायरीवरही शून्य दाखवतो, आणि आपण सप्लाय बंद आहे समजून हात घालतो. म्हणून इलेक्ट्रिशियन लोकांची एक पद्धत आहे: आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटवर मीटर बघायचा, मग ती वायर तपासायची, मग पुन्हा त्याच सॉकेटवर. संशयित मीटरवर तर ही पद्धत अजिबात सोडू नका.

ऑसिलोस्कोपचं काय?

स्कोपवर दोन गोष्टी आधी बघा. रीडिंग बरोबर दहापट चुकतंय का? मग प्रोबवरचं १एक्स-१०एक्सचं बटण आणि स्क्रीनवरचं सेटिंग जुळत नाहीये. दुसरं, स्कोपच्या पुढच्या बाजूला प्रोब तपासायची एक कडी असते, तिथं साधारण १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर मिळते. १०एक्सवर लहरीचे कोपरे गोल किंवा टोकदार दिसले तर प्रोबवरचा छोटा स्क्रू फिरवा. तोच प्रोब दुसऱ्या चॅनेलला लावून बघा. मग डिफॉल्ट सेटअप, आणि अर्धा तास तापू देऊन सेल्फ-कॅलिब्रेशन. एवढं करूनही जमलं नाही तर पाठवा. पॉवर सप्लायच्या भागात स्वतः स्क्रूड्रायव्हर घालू नका, प्लग काढल्यावरही तिथले कपॅसिटर भरलेले असू शकतात.

पार्सल करताना

‘चालत नाही’ एवढीच चिठ्ठी पाठवली तर टेक्निशियनने काय समजायचं? काय मोजत होतात, किती यायला हवं होतं आणि किती आलं, ते लिहा. दोष कधीकधीच दिसत असेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. सीरियल नंबरचा आणि चारही बाजूंचा फोटो हवाच. सेव्ह केलेली सेटिंग्ज पेनड्राइव्हवर घ्या, दुरुस्तीत ती पुसली जाऊ शकतात.

सेल काढून टाका. लिथियम बॅटरी असेल तर सेंटर आणि कुरिअर दोघांनाही आधी विचारा. फुगलेली बॅटरी पार्सलमध्ये घालायचीच नाही. प्रोब आणि वायरी घरीच ठेवा, दोष त्यांच्यातच वाटत असेल तरच पाठवा.

आता पॅकिंग. एका ओळखीच्याचा स्कोप फक्त एका चॅनेलच्या दुरुस्तीला गेला आणि सेंटरला पोचला तो दोन नॉब तुटून. खोका एकच होता आणि आत वर्तमानपत्राचे बोळे. कागद प्रवासात दबतो, मग वस्तू आत आपटत राहते. आधी प्लास्टिकची पिशवी (पावसाळ्यात तर हवीच), नॉबवर जाड पुठ्ठा, मग बबल रॅप, मग घट्ट बसेल असा खोका. तो खोका दुसऱ्या मोठ्या खोक्यात, सगळ्या बाजूंनी निदान ५ सेंटीमीटर फोम ठेवून. बंद करून हलवा. आत काही सरकलं, तर उघडून पुन्हा भरा. ‘फ्रॅजाइल’च्या स्टिकरवर माझा फारसा विश्वास नाही, पण लावा.

किंमत खरी लिहा आणि विमा घ्या. सेंटरने दिलेला रिपेअर नंबर खोक्यावरही हवा आणि आतल्या चिठ्ठीवरही. दुरुस्त होऊन परत आल्यावर खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा, आणि कामाला घेण्याआधी एका नव्या सेलचं व्होल्टेज मोजून बघा.