राजासाठी रात्रीचे गाणे

अभिजात संगीताने मनावरील मळभ दूर होते, असे आपण सहज म्हणून जातो. या म्हणण्याची खरी कसोटी अठराव्या शतकात स्पेनच्या राजवाड्यात लागली. राजा पाचवा फिलिप विषण्णतेच्या व्याधीने इतका ग्रासला होता की, तो अंथरूण सोडीत नसे आणि राज्यकारभाराकडे पाहत नसे. १७३७ साली राणी इझाबेलने लंडनमध्ये कीर्ती मिळविलेला इटालियन गायक फारिनेल्ली यास बोलावून घेतले. त्याच्या स्वरांनी राजा सावरू लागला. फारिनेल्लीने रंगभूमी कायमची सोडली आणि १७४६ मध्ये राजाचे निधन होईपर्यंत, सुमारे नऊ वर्षे, तो रात्री त्याच्यासाठी गात राहिला.

व्याधी मात्र समूळ गेली नाही. गायनानंतर राजा तीच गीते आरडाओरडा करीत म्हणू लागे, अशी माहिती तत्कालीन ब्रिटिश राजदूताने कळविली होती. म्हणून संगीतास रामबाण औषध मानणे आम्हांस उचित वाटत नाही. तथापि, बरे न होणाऱ्या माणसाचीही रात्र त्याने सुसह्य होते. आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते हे की, टाळ्यांचा मोह सोडून एक गायक एका दुःखी जीवासाठी वर्षानुवर्षे गात राहिला. आपल्या घरातील खिन्न माणसापाशी आपण किती रात्री बसतो?