मोगली, सूरज आणि एक चुकलेला शेरा

हिंजवडीला मुलाच्या घरी राहायला आल्यापासून नातवाबरोबर बसून मीही कधीमधी जपानी कार्टून पाहतो. (त्याला 'ॲनिमे' म्हणायचं. कार्टून म्हटलं की साहेब रागावतात!) परवा त्याला म्हटलं, "अरे, तुझ्या बाबांच्या लहानपणी मोगली होता, तो बघ." दोन भाग बघून त्याने निकाल दिला, "आजोबा, एवढं काय आहे यात? उगीच डोक्यावर घेतलंय तुम्ही लोकांनी."

मास्तरकी अंगात मुरलेली. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, पोरगं निम्मं खरं बोलतंय.

मोगलीची ती मालिका मुळात जपानीच. निप्पॉन ॲनिमेशनची, 52 भागांची, तिकडे 1989 मध्ये सुरू झालेली. आपल्याकडे ती 1993 साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी आली. पण ती जपानी आहे हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. किपलिंगचा जन्म मुंबईचा, 1865 चा. गोष्टीतलं जंगल सिवनीकडचं, म्हणजे नागपूरहून फार दूर नाही. गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची आणि शेरखानला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. मग ती घरचीच वाटली तर नवल काय! त्यात बहुतेक घरांत दूरदर्शनशिवाय दुसरं काही नव्हतं. रविवारी सकाळी जे लागेल ते सगळा गाव पाही. आज 'मोगली' म्हणून आपण डोक्यावर घेतो ते पुष्कळदा ते गाणं, नानांचा आवाज आणि आपलं बालपण (किंवा मुलांचं). मालिका राहते बाजूला.

आता याच्या उलट उदाहरण बघा. जपानमध्ये 1968 साली 'क्योजिन नो होशी' नावाची बेसबॉलची मालिका आली आणि फार गाजली. गरीब घरातला मुलगा आणि त्याला खेळाडू करायचंच म्हणून झपाटलेला कडक बाप. 2012 च्या डिसेंबरात तिचा भारतीय अवतार 'सूरज : द रायझिंग स्टार' कलर्स वाहिनीवर आला. बेसबॉलचं क्रिकेट झालं, मुलगा मुंबईच्या झोपडपट्टीतला झाला. मूळ मालिकेत मुलाच्या अंगाला सरावासाठी स्प्रिंगा बांधतात, त्या जागी इथे सायकलच्या ट्यूब आल्या. विषय आपला, शहर आपलं. पण माझ्या ओळखीत ती पाहिलेला एकही माणूस नाही. तोवर घराघरांत वाहिन्यांचा बाजार भरला होता. सूरजच्या नशिबी 'रविवार सकाळ' नव्हती, एवढाच त्याचा गुन्हा.

निम्मं खरं म्हणालो. उरलेलं निम्मं मला बोचतं.

1993-94 ची गोष्ट. आठवीच्या वर्गाला 'माझा आवडता नायक' हा निबंध दिला होता. शिवाजी महाराज, टिळक, सचिन अशा वह्या आल्या. एका मुलाने मोगलीवर लिहिलं. मी लाल शाईने शेरा मारला, 'कार्टून हा निबंधाचा विषय नव्हे', आणि दहापैकी तीन गुण दिले. त्यातलं एक वाक्य मात्र अजून आठवतं. त्याने लिहिलं होतं की मोगली जंगलात माणूस असतो आणि गावात लांडगा. वडिलांच्या बदलीमुळे तो मुलगा त्याच वर्षी आमच्या शाळेत आला होता, मधल्या सुट्टीत एकटाच डबा खायचा. हे मला तेव्हा जोडता आलं नाही.

आम्ही मोठी माणसं गाणं ऐकत होतो, गोष्ट त्याने पाहिली होती. मोगलीत कमी लेखलं गेलेलं काही असेल तर ते हेच. जन्म गावात गेला आणि सत्तरीनंतर या बाराव्या मजल्यावर आलो, तेव्हा ते वाक्य मला नीट कळलं.

तो मुलगा आता पंचेचाळिशीचा असेल. वही तर कधीच रद्दीत गेली असणार. असो. नातवाला हे सगळं सांगितलं. काही बोलला नाही, पण संध्याकाळी स्वतःहून तिसरा भाग लावला.