आसन, श्वास आणि सूफी

जून महिना आला की उर्दू शाळेतले पालक एक प्रश्न हमखास विचारतात : "सर, योगासनं केल्यानं ईमानला धक्का लागतो का?" फतवा देणं उलमांचं काम आहे, शिक्षकाचं नाही. पण इतिहास सांगणं शिक्षकाचंच काम आहे आणि इथं तो फारसा कुणी सांगत नाही.

योगाची ओळख मुसलमानांना 2015 च्या योग दिनामुळे झाली, असा समज आहे. प्रत्यक्षात अकराव्या शतकातच अल-बिरूनीनं पतंजलीचा ग्रंथ सवाल-जवाबाच्या रूपात अरबीत आणला. पुढे संस्कृत परंपरेतल्या 'अमृतकुंड' या ग्रंथाचंही अरबी रूपांतर झालं. सोळाव्या शतकाच्या मध्यास शत्तारी सिलसिल्याचे सूफी शेख मुहम्मद गौस ग्वाल्हेरी गुजरातेत होते. त्यांनी ते रूपांतर आधाराला घेतलं, त्यात भर घातली आणि फारसीत 'बहर अल-हयात' लिहिलं. त्यात आसनांवर वेगळा अध्याय आहे. सन 1600 नंतर थोड्याच वर्षांत शहजादा सलीमच्या अलाहाबाद दरबारात या ग्रंथाची सचित्र प्रत तयार झाली. 21 आसनांची चित्रं असलेली ती प्रत आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे.

गौस साहेबांनी काय केलं, हे नीट पाहावं. त्यांनी बसण्याची रीत आणि श्वासाचं शास्त्र जोग्यांकडून घेतलं. मंत्रांच्या जोडीला मात्र अल्लाहची अरबी नावं ठेवली. शिकले, पण आपली श्रद्धा सोडून नाही.

हा विषय आपल्या हिंगोलीलाही परका नाही. औंढा नागनाथ इथं नामदेवांना विसोबा खेचर हे गुरू भेटले, असं परंपरा सांगते. खेचर म्हणजे आकाशात संचार करणारा. योगातल्या 'खेचरी मुद्रे'तही हाच शब्द आहे. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी तर 'योगसंग्राम' हा ग्रंथ थेट मराठीतच लिहिला. त्यातला संग्राम आसनांचा नाही, मनातल्या विकारांशी आहे. तरीही एका मुसलमान संतानं 'योग' हा शब्द ग्रंथाच्या नावातच घेतला, ही गोष्ट साधी नाही.

आता शाळेपुरतं बोलू. सुरुवात करणाऱ्याला तीन आसनं पुरतात : ताठ उभं राहायचं ताडासन, गुडघे मोडून बसायचं वज्रासन आणि सैल पडून राहायचं शवासन. नमाजातल्या कादाची सवय असलेल्या मुलाला वज्रासन अवघड जात नाही. म्हणून नमाज म्हणजे योग, असं कुणी म्हणू नये. नमाज इबादत आहे, आसन कसरत आहे. गुडघे दुखत असतील तर वज्रासन टाळावं, आणि श्वास बळजबरीनं कोंडू नये.

सूर्यनमस्कार किंवा प्रार्थना यांबद्दल कुणाची हरकत असेल तर ती शांतपणे मांडावी. केंद्र सरकारच्या योग दिनाच्या सामाईक आसनक्रमात सूर्यनमस्कार नाहीतच. जबरदस्ती कुणावर होऊ नये, हे खरंच. पण ज्या विद्येवर आपल्याच बुजुर्गांनी मेहनतीनं ग्रंथ लिहिले, ती 'आपली नाहीच' असं मुलांना शिकवणं म्हणजे त्यांच्या हातातला वारसा काढून घेणं आहे.