'क्लिनिकल' या शब्दामागे काय असतं?

आमच्या महाप्याच्या एमआयडीसीत हल्ली ऑफिसांमधून ताणतणावावर भाषणं होतात. नंतर जेवताना कोणीतरी विचारतंच, "हे डॉक्टर की प्राध्यापक?" बहुतेकदा दोन्ही नाहीत! म्हणून हा थोडा इतिहास.

ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. १९३०च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी फ्रान्सच्या बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतून घेतली. ही बिने-कामत चाचणी पुढे कित्येक दशकं वापरात राहिली. म्हणजे रुग्णालय होतं, चाचणीही आली, पण ती रुग्णासमोर बसून वापरायला शिकवणारा अभ्यासक्रम मात्र देशात नव्हता. तो आला १९५५ साली, बंगळुरूला. आजच्या निम्हान्सच्या जागी तेव्हा अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था होती, तिने वैद्यकीय मानसशास्त्राची पदविका सुरू केली. १९६२ साली राँचीजवळ कांकेला दुसरा अभ्यासक्रम निघाला. मराठी मुलांना शिकायचं तर कुठे बंगळुरू, कुठे राँची!

पदविकेची पुढे एम.फिल. झाली. एम.ए.नंतरची पूर्ण वेळ दोन वर्षं. सकाळी वॉर्डात जायचं, रुग्णाची आणि घरच्यांची सगळी हकीकत लिहून घ्यायची, चाचण्या घ्यायच्या, उपचाराला बसायचं, आणि प्रत्येक केस वरिष्ठांपुढे मांडून बोलणी खायची. माझ्या मते खरं शिक्षण या बोलणी खाण्यात आहे. एम.ए.ला फ्रॉइड वाचून होतो, पण समोरचा माणूस रडायला लागला की काय करायचं ते पुस्तकात कुठे असतं? (औषधं मात्र हे लोक लिहीत नाहीत, ते मनोविकारतज्ज्ञांचं काम.)

१९९२च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने या मंडळींची नोंदणी आली. नोंदणीशिवाय काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! असो. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येतही देखरेखीखालचं हे दोन वर्षांचं प्रशिक्षण आहे.

आमच्या भाचीचं एम.ए. झालंय. ताई म्हणते, "आता पाटी लावायला काय हरकत आहे?" भाची म्हणते, अजून दोन वर्षं शिकायचंय, तेही घराबाहेर राहून. मी भाचीच्या बाजूने आहे. ताई, तू हे वाचणारच, रविवारी फोन कर.