पाऊच फोडल्यापासूनचे ७२ तास

डिसेंबर २००४. विक्रोळीत विषारी दारूने ८७ माणसे गेली. मुंबईला मिळालेला हा स्पष्ट इशारा होता. यानंतर मालवणीत तेच पुन्हा घडेपर्यंत साडेदहा वर्षे हातात होती.

बुधवार, १७ जून २०१५ च्या आधी. गावठी गाळायची तर गूळ आणि नवसागर लागतो, रसायन काही दिवस सडवावे लागते, मग भट्टी पेटवावी लागते. धूर दिसतो, वास सुटतो आणि छापा पडतो. पिंपातले औद्योगिक स्पिरिट पाण्यात मिसळायला काही मिनिटे पुरतात. यावेळी पिंपात मिथेनॉल होते. थिनर, रंग आणि फॉर्मलिनच्या कारखान्यांत ते वापरतात. माल गुजरातमधून आल्याचे पुढे तपासात निघाले. 

बुधवार, संध्याकाळ. मालाड पश्चिमेला मालवणीचे लक्ष्मीनगर.   वस्ती हातावर पोट असलेल्यांची. कामावरून सुटलेली माणसे नेहमीच्या अड्ड्याकडे वळली.

रात्री ९.००. प्रत्येकाने वेगळ्या वेळी घेतली. हिशेबासाठी ९ धरू. पिशवीचा कोपरा दाताने फाडायचा, ग्लासात ओतायची, एका दमात संपवायची. मिथेनॉल पाण्यासारखे नितळ असते. वास नेहमीच्या दारूच्या वासाजवळचाच. जिभेला फरक कळत नाही. शुद्ध मिथेनॉल १० मिलिलिटर पोटात गेले तरी डोळे जाऊ शकतात, आणि ३० मिलिलिटरपासून जिवाला धोका असतो. ३० मिलिलिटर म्हणजे दोन मोठे चमचे.

रात्री १०.००. मिथेनॉल रक्तात पोचले. नशा चढते, पण नेहमीपेक्षा हलकी. म्हणून आणखी एक पिशवी घेतली जाते. या घटकेला शरीरात फारसे काही बिघडलेले नसते. मिथेनॉल स्वतः फार मोठे विष नाही. विष यकृतात तयार व्हायचे आहे.

मध्यरात्र, १२.००. यकृतातले एक एन्झाइम मिथेनॉलचे फॉर्माल्डिहाइड करते. दुसरे त्याचे फॉर्मिक ॲसिड करते. हे ॲसिड पेशींचा प्राणवायू वापरण्याचा मार्गच अडवते. ते शरीराबाहेर टाकण्याची माणसाची क्षमता तोकडी आहे, त्यामुळे ते साचत जाते. माणूस झोपलेला असतो.

गुरुवार, १८ जून, पहाटे ३.००. सहा तास झाले. या घटनेतला सगळ्यात मोलाचा काळ हाच. दवाखान्यात कोणी पोचले, तर उपाय आहे आणि तो साधा आहे: फोमेपिझोल नावाचे औषध त्या एन्झाइमला अडवते. ते महाग आहे आणि आपल्याकडे सहजी मिळत नाही. पण पिण्याची शुद्ध दारू, म्हणजे इथेनॉल, मोजून नळीतून दिली तरी तेच काम होते. एन्झाइमला मिथेनॉलपेक्षा इथेनॉल दहा ते वीस पट जवळचे. ते इथेनॉलमागे लागते, मिथेनॉल तसेच राहते आणि डायलिसिसने काढून टाकता येते. डोळेही वाचतात.

पण पहाटे तीनला दवाखान्यात कोण जाणार? दुखत काहीच नसते.

इथे थोडे थांबून सांगायला हवे, कारण चोरून केलेल्या प्रत्येक नशेला असे एक घड्याळ असते. गर्दचा डोस जास्त झाला, की श्वास थांबायला काही मिनिटे लागतात. तेवढ्या मिनिटांत नॅलॉक्सोन टोचले तर माणूस परततो. दुसऱ्याची सुई टोचली असेल, तर एचआयव्ही रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली. हेपटायटिस सी त्याच सुईतून येतो आणि वर्षानुवर्षे काही जाणवू देत नाही. औषधे आहेत. अडते ते ‘मी घेतलंय’ हे वेळेत सांगण्यावर. पोलिसांची भीती आणि घरच्यांची लाज यांत हे तास जातात. माझ्या मते विषाइतकीच ही गप्प बसण्याची सक्ती माणसे मारते.

सकाळी ९.००. बारा तास. डोके जड, मळमळ, उलटी, पोटात कळ. पिणाऱ्याला हे नवे नसते. रात्रीची उतरली नाही, असे तो म्हणतो. घरचेही तेच म्हणतात. लिंबूपाणी दिले जाते. शेजारच्या डॉक्टरकडे गेलाच तर तक्रार पोटाची सांगतो, पिण्याचे बोलत नाही, आणि गोळी पोटाचीच मिळते. कोणी उतारा म्हणून पुन्हा अड्ड्यावर जातो. विषारी दारूच्या घटनांत ही सकाळ अशीच उजाडते.

गुरुवारी सकाळपासूनच लक्ष्मीनगरात माणसे कोसळायला लागली आणि मृत्यू सुरू झाले. सगळ्यांचे घड्याळ एका वेगाने चालत नाही. ज्याच्या पोटात सोबत साधी दारूही होती त्याला लक्षणे उशिरा दिसतात, कारण तीच त्याचे यकृत गुंतवून ठेवते. तो शेजाऱ्याला रुग्णालयात पोचवतो आणि स्वतःला ठणठणीत समजतो.

दुपारी ३.००. अठरा तास. नजर धूसर होते. दिवसाउजेडी दाट धुके पडल्यासारखे पांढरे दिसते, मग कडा काळ्या होत आत येतात. फॉर्मिक ॲसिड दृष्टीच्या मज्जातंतूपर्यंत पोचले आहे. डॉक्टर डोळ्यांत बॅटरी मारतात, बाहुल्या आकसत नाहीत. श्वास खोल आणि भराभर चालतो. रक्तातले ॲसिड शरीर फुप्फुसांवाटे कमी करू बघते. निरोगी रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ असतो. तो ७ च्या खाली गेला, की हाती फार थोडे उरते.

रात्री ९.००. चोवीस तास. कांदिवलीच्या शताब्दीसह पालिकेच्या रुग्णालयांत माणसे येत राहिली. सोडाबायकार्ब आणि डायलिसिस ही आताची हत्यारे. डायलिसिसची यंत्रे मोजकी असतात आणि एका रुग्णाला एक यंत्र काही तास लागते. एका माणसावर हे उपचार सहज होतात. एकाच गल्लीतली डझनांनी माणसे एकाच दिवशी आली, तर रांग लागते.

शुक्रवार, १९ जून. छत्तीस तास. रात्रभर कोसळलेल्या पावसाने मुंबई ठप्प झाली. सांताक्रूझला २४ तासांत सुमारे २८० मिलिमीटर पाऊस झाला, लोकल बंद पडली. मृतांचा आकडा दिवसभर वाढत गेला. ज्यांनी बुधवारी घेतली आणि अजून काही झाले नव्हते, त्यांना शोधणे आता सगळ्यात तातडीचे होते. पण आपण प्यायलो हे आधी त्यांनी स्वतःहून सांगायला हवे होते.

शनिवार, २० जून, रात्री ९.००. बहात्तर तास. उशिराची लक्षणेही साधारण इथवर दिसून जातात. मेंदूच्या आत खोल, हालचाली सांभाळणाऱ्या भागातल्या पेशी मेलेल्या असतात. वाचलेल्यांपैकी काहींचे हात पुढे कायम थरथरतात. लक्ष्मीनगरच्या काहींची दृष्टी गेली.

अखेर मृत्यूंचा आकडा १०६ झाला. मालवणी पोलिस ठाण्यातले आठ पोलिस निलंबित झाले. अड्डा चालतो हे वस्तीत कोणापासून लपलेले नव्हते.

सप्टेंबर २०१२ मध्ये चेक प्रजासत्ताकात मिथेनॉलने माणसे मरू लागली, तेव्हा सरकारने २० टक्क्यांहून कडक दारूची विक्री देशभर थांबवली. तिथे बाटली दुकानातून विकली जात होती, म्हणून ती परत मागवता आली. अड्ड्यावरची पिशवी कोणी विकली, कोणी नेली, याची नोंद कुठेच नसते. ती परत मागवता येत नाही.

जुलै २०२२. गुजरातेत बोटाद जिल्ह्यात आणि शेजारी ४० हून अधिक माणसे मेली. तिथे दारूबंदी आहे. अहमदाबादच्या एका कारखान्यातून चोरलेले सुमारे ६०० लिटर मिथेनॉल पाण्यात मिसळून विकले गेले होते.

२०२४. मालवणीच्या खटल्याचा निकाल मुंबईच्या सत्र न्यायालयात लागला. १४ आरोपींपैकी चौघे दोषी ठरले, त्यांना १० वर्षे सक्तमजुरी झाली. दहा जण निर्दोष सुटले.