पुस्तकांतला गोट्या आणि पडद्यावरचा गोट्या

एखादें पुस्तक मुलाला मनापासून आवडलें म्हणजे त्याचा नायक लेखकाच्या ताब्यांत राहत नाहीं. त्याचें नाक कसें, आवाज कसा, तो जिना धडधडत उतरतो कीं पाय न वाजवितां उतरतो, हें सारें त्या मुलानें मनाशीं केव्हांच ठरवून टाकलेलें असतें. पुढें कधींतरी तोच नायक चित्रपटांत किंवा दूरदर्शनवर अवतरतो, आणि घरोघर एक वाद सुरू होतो. "अगदीं हुबेहूब!" असें एक म्हणतो, "छे, आमचा गोट्या असा नव्हताच!" असें दुसरा म्हणतो. हा वाद वरवर पोरकट दिसतो. परंतु मुलांसाठीं लिहिलेली गोष्ट नक्की कोणाची, लिहिणाऱ्याची, दाखविणाऱ्याची कीं वाचणाऱ्याची, हा प्रश्न त्याच्या पोटांत दडलेला आहे. आणि त्या प्रश्नाचा इतिहास दूरदर्शनहून पुष्कळ जुना आहे.

पुढच्या भागाची वाट पाहण्याची गोडी मराठी वाचकाला प्रथम नियतकालिकांनीं लावली. हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं 'करमणूक' हें साप्ताहिक काढलें आणि 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळांत त्यांतून क्रमशः प्रसिद्ध केली. अंक हातीं येईपर्यंतच्या त्या दिवसांत यमूचें पुढें काय होणार याचा विचार माजघरांतून व ओसरीवर होत असे, आणि तो करणारा प्रत्येक वाचक नकळत कादंबरीचा सहलेखक बनत असे. विलायतेंत याच सुमारास याहून तीव्र प्रकार घडला. कॉनन डॉइल यांनीं १८९३ सालीं शेरलॉक होम्सला कड्यावरून लोटून संपविलें. परंतु वाचकांस तें मुळींच मानवलें नाहीं, आणि अखेर १९०३ मध्यें लेखकाला त्याला जिवंत परत आणावें लागलें. ज्यानें पात्र निर्माण केलें त्यालासुद्धां तें मारण्याचा पूर्ण अधिकार उरला नव्हता.

मराठी मुलांच्या वांट्याला असें स्वतःचें वाङ्मय थोडें उशिरां आलें. वासुदेव गोविंद आपटे यांनीं १९०६ सालीं 'आनंद' मासिक सुरू केलें आणि मुलांना बोधाबरोबर मौजही लागते ही गोष्ट मान्य झाली. तरीही बराच काळ मुलांच्या गोष्टींतला मुलगा हा एकतर आदर्श तरी असे, नाहींतर धडा शिकविण्यापुरता वाईट तरी असे. घरांत वावरणारा, भूक लागणारा, खोडी करून वर साळसूदपणा दाखविणारा मुलगा आणावयाचें काम ज्यांनीं केलें त्यांत नारायण धोंडो ताम्हनकर यांचें नांव आधीं घ्यावें लागतें. ताम्हनकरांचें नांव 'किर्लोस्कर' मासिकाच्या परिवाराशीं जोडलेलें आहे. त्या परिवाराचें घर असलेली किर्लोस्करवाडी १९१० सालीं औंध संस्थानांतल्या ओसाड माळावर वसली आणि आज ती सांगली जिल्ह्यांत मोडते. तेथून 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' हीं मासिकें मध्यमवर्गीय घरांत जात. ताम्हनकरांचा 'दाजी' मोठ्यांना हसवी, 'चिंगी' मुलींना आपली वाटे, आणि 'गोट्या' सर्वांचाच होता. आईबापांवांचून पोरका झालेला हा मुलगा परक्या घरीं येतो आणि तेथल्या माणसांचा जीव होऊन बसतो. कथानक एवढेंच. परंतु पोरकेपणाचें दुःख न गाळतां आणि त्याचें भांडवलही न करतां ताम्हनकरांनीं तें सांगितलें, म्हणूनच स्वातंत्र्याच्या आगेमागें वाढलेल्या पिढीला गोट्या हा शेजारच्या घरांतला मुलगा वाटला.

दुसरा नायक अगदीं निराळ्या मातीचा. भास्कर रामचंद्र भागवत (१९१०–२००१) यांनीं ज्यूल व्हर्नच्या कल्पनारम्य कादंबऱ्या मराठींत आणल्या, 'बालमित्र' हें मासिक चालविलें, आणि मग फुरसुंगीच्या बनेश फेणेला जन्म दिला. 'फास्टर फेणे' या नांवानेंच तो ओळखला जाऊं लागला. हा काटकुळा, सायकलवर भरधाव हिंडणारा मुलगा पुण्याच्या विद्याभवन शाळेंत शिकतो, आणि जेथें जातो तेथें कांहींतरी भानगड त्याच्या वाटेंत येते. ती उकलली कीं त्याच्या तोंडून 'ट्टॉक' असा आवाज निघतो. हा आवाज छापील अक्षरांत लिहितां येतो, पण तो काढावयाचा कसा हें पुस्तक सांगूं शकत नाहीं. त्यामुळें महाराष्ट्रांत जितके वाचक तितके 'ट्टॉक' निर्माण झाले. प्रत्येक मुलानें तो आपल्या जिभेवर बसवून घेतला आणि आपलाच खरा असें मानलें.

मनांतल्या या मूर्ति पडद्यावर प्रथम आणल्या त्या चित्रपटानें. चि. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ १९४० सालच्या 'लग्न पहावें करून' या चित्रपटांत दामुअण्णा मालवणकर व वि. जोग यांच्या रूपानें दिसले. साने गुरुजींची 'श्यामची आई' १९३५ सालीं प्रसिद्ध झाली होती. आचार्य अत्रे यांनीं १९५३ मध्यें तिचा चित्रपट केला आणि राष्ट्रीय पारितोषिकांच्या पहिल्याच वर्षीं त्याला राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें. वनमाला यांची आई आणि माधव वझे यांचा श्याम लोकांच्या मनांत इतके ठसले कीं पुढच्या पिढ्यांना पुस्तक वाचतांना तेच चेहरे दिसूं लागले. मनांतली मूर्ति पडद्यानें पुसली आणि तिच्या जागीं आपली बसविली, याचें याहून ठळक उदाहरण मराठींत क्वचितच सांपडेल. कोणाचीही त्याबद्दल फारशी तक्रार नव्हती, कारण जी नवी मूर्ति आली ती जुनीइतकीच खरी होती.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें आणि या प्रश्नाला निराळें वळण लागलें. चित्रपट एकदां पाहून माणूस घरीं येतो; मालिका मात्र आठवड्याच्या आठवड्याला घरांत येते. त्या दशकाच्या उत्तरार्धांत दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनीं चिमणराव आणि गुंड्याभाऊ पुन्हां उभे केले. दामुअण्णांना पाहिलेले आजोबा आणि कांहींच न पाहिलेला नातू एकाच चटईवर बसून एकाच पात्राविषयीं वाद घालूं लागले. १९८७ सालीं 'फास्टर फेणे' दूरदर्शनवर आला. सुमीत राघवन हा मुलगा फेणे झाला होता. त्यानंतर कांहीं काळानें दिग्दर्शक राजदत्त यांनीं 'गोट्या' आणला. जॉय घाणेकर या मुलानें ती भूमिका केली, आणि अशोक पत्की यांनीं संगीत दिलेलें शीर्षकगीत मालिका पाहिलेल्या पिढीच्या ओठीं पुष्कळ वर्षें राहिलें. भाग संपला कीं लगेच त्याची छाननी सुरू होई. पुस्तकांतला अमका प्रसंग कां गाळला? वहिनी इतक्या लौकर कां विरघळल्या? आणि तो 'ट्टॉक' बरोबर निघाला कीं नाहीं? आठवडाभर ही चर्चा शाळेच्या पटांगणांत चाले, आणि पुढचा भाग येईपर्यंत मुलांनीं त्याच्या चार निराळ्या आवृत्त्या आपसांत रचलेल्या असत. हरिभाऊंच्या वाचकांची वाट पाहण्याची रीति शंभर वर्षांनीं नातवंडांच्या हातीं आली होती.

या तक्रारींचा नीट विचार केला तर तिच्यांत दोन निरनिराळ्या गोष्टी दिसतात. पहिली केवळ चेहऱ्यामोहऱ्याची. पडद्यावरचा मुलगा मनांतल्या मुलासारखा नसतो, आणि तो तसा असणें शक्यही नाहीं, कारण हजार वाचकांच्या मनांत हजार चेहरे असतात आणि पडद्यावर एकच बसतो. ही तक्रार दोनचार भागांत आपोआप विरते. दुसरी अधिक खोल आहे. पुस्तकाचा सूर हरवला, लेखकानें जेथें हात आवरता घेतला तेथें पडद्यानें अश्रूंचा पूर आणला, अशी ती असते. मुलें ही दुसरी तक्रार शब्दांत मांडूं शकत नाहींत, तीं एवढेंच म्हणतात कीं "पुस्तकांत जास्त मजा होती." हें वाक्य मोठ्यांनीं हंसण्यावारी नेऊं नये. ज्या मुलाला पुस्तकाचा सूर कळला, त्यालाच तो हरवल्याचें कळतें.

परंतु तक्रार करण्यासाठीं पुस्तक आधीं वाचलेलें असावें लागतें, आणि येथें फलटणचें उदाहरण लक्षांत घेण्याजोगें आहे. फलटण हें १९४८ पर्यंत नाईक-निंबाळकरांचें संस्थान होतें. नंतर तें सातारा जिल्ह्यांत आलें. या गांवांत विद्येची परंपरा आहे, सुशिक्षित कुटुंबेंही आहेत. ज्या गौरी देशपांडे यांनीं बर्टनच्या अरबी कथांचा समग्र अनुवाद सोळा खंडांत मराठींत आणला, त्या पुढें फलटणनजीक विंचुर्णी येथें येऊन राहिल्या. तरीही याच गांवच्या गरीब वस्त्यांतून शाळेंत जाणाऱ्या अनेक मुलांना वाचतां येत नाहीं, हें मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेंतून येऊन फलटणकर झालेल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंच्या ध्यानीं आलें. त्यांनीं १९८४ सालीं प्रगत शिक्षण संस्था स्थापिली, आणि तिच्या कमला निंबकर बालभवनांत मुलांच्या वाचनाकडे मुद्दाम लक्ष पुरविलें गेलें. तारखा पाहिल्या म्हणजे एक विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. फेणे आणि गोट्या दूरदर्शनवर येत होते तीं हींच वर्षें. शहरांतल्या घरांत "पुस्तकांत असें नव्हतें" हा वाद रंगत होता, तेव्हां लहान गांवांतलीं कितीतरी मुलें शेजाऱ्याच्या दारांत उभीं राहून गोट्याला प्रथमच भेटत होतीं. त्यांच्या दृष्टीनें पडद्यावरचा गोट्या हाच मूळ गोट्या होता. त्यांना तुलना करावयास दुसरा गोट्या नव्हता, कारण पुस्तक घरीं नव्हतें, आणि असतें तरी पुष्कळांना तें वाचतां आलें नसतें.

अशा मुलाला पडद्यानें जें दिलें त्याला उणें लेखणें हा कृतघ्नपणा होईल. गोष्टीचा पहिला हक्क ऐकणाऱ्याचा असतो. कीर्तनांत, जात्यावर, आजीच्या कुशींत गोष्ट ऐकलेलें मूल निरक्षर असलें तरी गोष्टीला मुकलेलें नसतें. दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' तर जन्मलाच आकाशवाणीवर. आधीं तो ऐकला गेला, मग पुस्तकांत उतरला, आणि २००९ सालीं चित्रपटांत आला. त्यामुळें पुस्तक हेंच मूळ आणि बाकीची सारी नक्कल, हा नियम सर्वत्र लागू पडत नाहीं. मात्र ऐकलेली किंवा पाहिलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या वेगानें जाते. वाचलेली गोष्ट मुलाच्या स्वतःच्या वेगानें जाते. तें हवें तेथें थांबतें, मागें फिरतें, आवडलें पान दहा वेळां वाचतें. गोट्याला आपला चेहरा देण्याचा अधिकार त्याला या थांबण्यांतूनच मिळतो. पडदा हा अधिकार हिरावून घेत नाहीं. परंतु तो देऊंही शकत नाहीं.

फेणेच्या कथेचा पुढचा अध्याय हीच गोष्ट दाखवितो. २०१७ सालीं आदित्य सरपोतदार यांच्या दिग्दर्शनाखालीं 'फास्टर फेणे' चित्रपट आला. त्यांत अमेय वाघ यांचा फेणे शाळकरी मुलगा नसून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठीं पुण्यास आलेला तरुण होता. जुन्या वाचकांपुढें कोडें पडलें. ज्यांनीं १९८७ चा फेणे मुलपणीं पाहिला होता ते आतां चाळिशीच्या आसपास होते. त्यांच्याबरोबर फेणेही थोडा मोठा झाला, असें कित्येकांना वाटलें. आमचा फेणे दहाबारा वर्षांचाच राहिला पाहिजे, असें इतरांनीं बजावलें. चित्रपटानें मात्र एक सुंदर गोष्ट केली. भा. रा. भागवतांनाच त्यानें कथेंतलें पात्र बनविलें, आणि ती भूमिका बोक्याच्या लेखकाकडे, म्हणजे प्रभावळकरांकडे, दिली. नायक आपल्या जन्मदात्याच्या दारांत येऊन उभा राहिला. लेखक आणि पात्र यांतला मालकीचा वाद यापेक्षां अधिक प्रेमानें मिटवितां आला नसता.

तात्पर्य, पडद्यावरच्या नायकाविषयीं मुलें भांडतात हें बालवाङ्मय जिवंत असल्याचें लक्षण आहे. ज्या दिवशीं "आमचा गोट्या असा नव्हता" असें म्हणणारें मूल उरणार नाहीं, त्या दिवशीं मालिका उत्तम निघाल्या असा त्याचा अर्थ होणार नाहीं. पुस्तक वाचणारें मूल उरलें नाहीं, असा होईल. फलटणच्या बालभवनासारख्या शाळा हा वाद घालणारीं मुलें तयार करीत असतात. सुशिक्षित घरांकडे त्या मानानें सोपें काम उरतें. मालिकेचा भाग संपतांच मूल "पुढें काय झालें?" असें विचारील, तेव्हां त्याला तोंडीं उत्तर न देतां तें पुस्तक हातांत द्यावें, आणि दुसऱ्या दिवशीं त्यानें पडद्यावरच्या चुका सांगावयास सुरुवात केली म्हणजे त्या शेवटपर्यंत ऐकून घ्याव्यात.